पंधरा रकाने

ऑक्टोबर १९९४ मध्ये शिकागोला वर्ल्ड वाइड वेबची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. वेबवर तेव्हा पाने, चित्रे, फायली मिळून सुमारे पाच लाख वस्तू होत्या. आजच्या मानाने हा आकडा नगण्य आहे, पण हवी ती गोष्ट हाती लागणे त्याही वेळी अवघड झाले होते. परिषदेच्या मधल्या वेळात काही जण कॉरिडॉरमध्ये उभे राहून याच अडचणीवर बोलत होते. त्यांत सॉफ्टक्वाड या कंपनीचे युरी रुबिन्स्की होते, ओसीएलसी या ग्रंथालय-संस्थेचे स्टुअर्ट वायबल आणि एरिक मिलर होते, आणि ज्या एनसीएसए केंद्रात मोझॅक ब्राउझर तयार झाला तिथले जोसेफ हार्डिनही होते. या उभ्याउभ्या झालेल्या बोलण्यातून एक बैठक ठरली. त्या बैठकीतून एक साधी नोंदपद्धत जन्माला आली आणि पुढे ती पंधरा रकान्यांची झाली. आज कोणतेही ईपब पुस्तक उघडा, कोणत्याही विद्यापीठाचे प्रबंधभांडार पाहा, ती पद्धत तिथे मुकाट्याने काम करत असते.

ओसीएलसी हे नाव ग्रंथालयांबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या महाविद्यालयांनी १९६७ मध्ये ही संस्था काढली आणि फ्रेड किलगोर तिचे पहिले प्रमुख झाले. एकच पुस्तक शंभर ग्रंथालयांत येत असेल, तर त्याची नोंद शंभर जणांनी शंभर वेळा का करायची, हा किलगोर यांचा प्रश्न होता. एकाने नोंद करावी आणि बाकीच्यांनी ती घ्यावी, असा त्यांचा विचार. २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाच्या ऑल्डन ग्रंथालयात ही सामाईक तालिका संगणकजोडणीवरून वापरायला सुरुवात झाली.

त्यासाठी लागणारी भाषा आधीच घडली होती. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्रम यांनी १९६० च्या दशकात ‘मार्क’ हा नमुना तयार केला. अव्रम मूळच्या संगणक प्रोग्रामर. तालिकापत्रावरची प्रत्येक ओळ यंत्राला कळेल अशा क्रमांकांच्या रकान्यांत बसवण्याचे काम त्यांनी केले. लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, विषय, प्रत्येकाला स्वतःचा रकाना मिळाला. जगभरची पुष्कळ ग्रंथालये हळूहळू या नमुन्यावर आली.

म्हणजे इंटरनेट सामान्य लोकांपर्यंत पोचले तेव्हा ग्रंथपालांपाशी तयार शिस्त होती. तालिकाकार प्रत्येक ग्रंथाबाबत तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवतो: ही वस्तू काय आहे, ती कशाविषयी आहे आणि ती कुठे सापडेल. इंटरनेटवरच्या वस्तूंना हेच तीन प्रश्न विचारता येतील का?

कपाट नसलेले ग्रंथालय

हा प्रश्न ओसीएलसीने वेबचा बोलबाला होण्याआधीच हाती घेतला. १९९१ ते १९९३ या काळात मार्टिन डिलन, एरिक जूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या मदतीने एक पाहणी केली. गोफर आणि एफटीपी या इंटरनेटवरच्या जुन्या सोयींवरून मिळणाऱ्या फायली नेमक्या कशा आहेत हे त्यांनी तपासले. मग तालिकाकारांना अशा फायली देऊन नेहमीच्या नियमांनी त्यांच्या नोंदी करायला सांगितल्या. निष्कर्ष उत्साह वाढवणारा होता. जुने नियम मोडीत काढायची गरज नव्हती. थोडी डागडुजी पुरेशी होती.

खरी अडचण तिसऱ्या प्रश्नाची होती. पुस्तकाला कपाट असते आणि वर्गांक असतो. फायलीला यांतले काहीच नसते. तिचा संगणक, तिचा मार्ग आणि ती मिळवण्याची रीत सांगायला मार्क नमुन्यात जागाच नव्हती. १९९३ मध्ये त्यासाठी ८५६ क्रमांकाचा नवा रकाना मंजूर झाला. आज एखाद्या ग्रंथालयाच्या तालिकेत पुस्तकाच्या नावाखाली ‘ऑनलाइन वाचा’ असा दुवा दिसतो, तो बहुधा याच रकान्यातून आलेला असतो.

ऑक्टोबर १९९४ पासून ओसीएलसीने पुढचे पाऊल टाकले. ग्रंथालयांनी स्वेच्छेने इंटरनेटवरची उपयुक्त साधने निवडावीत, त्यांच्या पूर्ण नोंदी कराव्यात आणि त्या एकत्र कराव्यात, अशी ही योजना होती. तिचे नाव ‘इंटरकॅट’. मार्च १९९६ पर्यंत चाललेल्या या प्रयोगातून हजारो नोंदी जमल्या आणि एक कडवट अनुभवही मिळाला. नोंद शिल्लक राहत होती, पण वस्तू जागेवरून हलत होती. कोणी संगणक बदलला, कोणी फोल्डरचे नाव बदलले, की शेकडो तालिकांतले पत्ते एका दिवसात निकामी होत.

यावर ओसीएलसीने १९९६ च्या सुरुवातीला ‘पर्ल’ नावाचा उपाय आणला. तालिकेत वस्तूचा खरा पत्ता लिहायचाच नाही. त्याऐवजी एक कायमचा पत्ता लिहायचा आणि तो पत्ता वाचकाला आजच्या ठिकाणी पोचवील. वस्तू हलली की एकाच जागी दुरुस्ती करायची, मग सगळ्या तालिका आपोआप बरोबर राहतात. ही सेवा वीस वर्षे ओसीएलसीने सांभाळली आणि २०१६ मध्ये इंटरनेट अर्काइव्हकडे सोपवली. वेबवर टिकाऊपणा आपोआप येत नाही, कोणीतरी तो पत्करावा लागतो, ही गोष्ट ग्रंथपालांनी फार लवकर ओळखली होती.

डब्लिनची बैठक

तरीही एक हिशेब जुळत नव्हता. मार्क नमुन्यातली पूर्ण नोंद करायला प्रशिक्षित माणूस लागतो आणि वेळ लागतो. वेब मात्र दर आठवड्याला फुगत होते. जगातले सगळे तालिकाकार कामाला लावले असते, तरी ते मागेच पडले असते. दुसऱ्या टोकाला यंत्राने केलेली शब्दसूची होती. ती झटपट होत असे, पण पानावर ‘टिळक’ हा शब्द आहे एवढेच ती सांगू शके. ते पान टिळकांनी लिहिले आहे की टिळकांविषयी आहे, हे तिला कळत नसे. या दोन टोकांच्या मध्ये काही हवे होते. नोंद इतकी सोपी असावी की पान लिहिणाऱ्यालाच ती करता यावी, आणि तरी तिच्यातून कर्ता, विषय आणि काळ स्पष्ट कळावा.

शिकागोत ठरलेली बैठक १ ते ३ मार्च १९९५ या दिवसांत डब्लिन गावी झाली. हे डब्लिन ओहायोमधले, ओसीएलसीच्या मुख्यालयाचे गाव. यजमान दोन होते, ओसीएलसी आणि एनसीएसए. बावन्न माणसे आली. त्यांत ग्रंथपाल होते, दप्तरखान्यांचे जाणकार होते, जुन्या ग्रंथांच्या संगणकीय संहिता करणारे अभ्यासक होते, नकाशांवर काम करणारे होते आणि इंटरनेटचे तांत्रिक नियम घडवणारे अभियंतेही होते. एरवी ही मंडळी एका टेबलाशी बसत नसत. प्रत्येकाच्या क्षेत्रात नोंदीची स्वतःची पद्धत होती आणि प्रत्येकाला ती अपुरी किंवा अति वाटत होती.

त्यांनी आधी आपली मर्यादा ठरवली. जगातल्या सर्व गोष्टींचा विचार करायचा नाही, कागदपत्रासारख्या दिसणाऱ्या वस्तूंपुरतेच बोलायचे. मग त्यांनी काही तत्त्वे मान्य केली. वस्तूच्या अंगच्या गोष्टी आधी नोंदवायच्या. कोणताही रकाना सक्तीचा नसेल. कोणताही रकाना हवा तितक्या वेळा वापरता येईल, कारण एका ग्रंथाला तीन लेखक असू शकतात. ज्याला अधिक तपशील हवा त्याला रकाने वाढवता येतील. आणि ही नोंद कोणत्या संगणकीय लिखाणात बसवायची, याच्याशी तिचा अर्थ बांधलेला नसेल. या शेवटच्या तत्त्वामुळेच ही पद्धत पुढे अनेक तांत्रिक बदलांतून तगून राहिली.

बैठकीअखेर तेरा रकान्यांची यादी तयार झाली. गावाच्या नावावरून तिला ‘डब्लिन कोअर’ म्हणू लागले.

वाद आणि तडजोड

पुढची अडीच वर्षे ही यादी जगभर फिरली. एप्रिल १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिकला बैठक झाली. कोणतीही एक यादी सर्वांना पुरणार नाही, हे तिथे उघडपणे मान्य झाले. कार्ल लगोझ, क्लिफर्ड लिंच आणि रॉन डॅनियल यांनी मांडले की एका वस्तूबरोबर वर्णनाची अनेक पुडकी असावीत. एक डब्लिन कोअरचे, एक हक्कांचे, एक नकाशाशास्त्राचे, आणि ज्याला जे कळते ते त्याने उघडावे. वेबवरच्या वर्णनासाठी १९९९ मध्ये मान्य झालेल्या आरडीएफ या मानकावर या विचाराचा ठसा आहे.

सप्टेंबर १९९६ मध्ये चित्रांच्या प्रश्नावर बैठक भरली. चित्रात शब्द नसतात, त्यामुळे यंत्राला तिथे काहीच सापडत नाही. छायाचित्रांच्या संग्रहांना कोण काय वापरू शकतो, हा प्रश्न तर रोजचा. या चर्चेतून ‘वर्णन’ आणि ‘हक्क’ हे दोन रकाने वाढले आणि यादी पंधरावर पोचली: शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहकर्ता, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, मूळ स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क.

मार्च १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबराला मोठा मतभेद पुढे आला. एका पक्षाचे म्हणणे असे, की साधेपणा हेच या पद्धतीचे बळ आहे, रकान्यात सरळ मजकूर लिहावा, त्याला उपरकाने जोडू नयेत. दुसरा पक्ष विचारत होता, की ‘दिनांक’ म्हणजे लिहिल्याचा, छापल्याचा की वेबवर चढवल्याचा? विषयाचा शब्द कोणत्या मान्य यादीतून घेतला? हे सांगितले नाही, तर नोंदीचा उपयोग काय? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. ग्रंथालयशास्त्रातला हा जुनाच पेच. नोंद फार नेमकी केली तर ती कोणी करत नाही, फार ढोबळ केली तर ती कोणाच्या कामी येत नाही.

ऑक्टोबर १९९७ मध्ये हेलसिंकीला तोड निघाली. पंधरा साधे रकाने पक्के केले, आणि ज्याला सूक्ष्मता हवी त्याने त्यांवर बारकावे चढवावेत, मात्र बारकावा काढून टाकला तरी मूळ अर्थ बिघडता कामा नये, असे ठरले. सप्टेंबर १९९८ मध्ये ही यादी इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत आली, २००१ मध्ये तिला अमेरिकेचे राष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली आणि २००३ मध्ये ती ‘आयएसओ १५८३६’ हे आंतरराष्ट्रीय मानक झाली. युरी रुबिन्स्की हे पाहायला उरले नव्हते. जानेवारी १९९६ मध्येच त्यांचे निधन झाले.

निवडून ठेवणारी माणसे

या बैठका चालू असताना दुसरीकडे माणसे हाताने वेबची वर्गवारी करत होती. खुद्द वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या संस्थेत विषयवार दुव्यांची यादी सुरू केली होती. कॅलिफोर्नियातल्या बर्कली सार्वजनिक ग्रंथालयाशी जोडलेल्या कॅरोल लीटा यांची १९९० पासूनची खुणांची यादी वाढत वाढत ‘लायब्रेरियन्स इंडेक्स टू द इंटरनेट’ झाली. मिशिगन विद्यापीठात जो जेन्स यांच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी १७ मार्च १९९५ रोजी ‘इंटरनेट पब्लिक लायब्ररी’ उघडली. ग्लासगोच्या ‘बबल’ या सेवेने वेबची पाने ड्यूईच्या दशांश पद्धतीने लावली. ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी विषयवार दालने उभारली. तिथे त्या त्या विषयाचा जाणकार प्रत्येक संकेतस्थळ पाहून, पारखून, दोन ओळींचे परीक्षण लिहून मगच त्याला यादीत घेई.

व्यापारी जगातही माणसाची पारख मोलाची होती. स्टॅनफर्डचे विद्यार्थी जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली यादी ‘याहू’ झाली. तिची विषयवार रचना उभारण्याचे काम कंपनीच्या पाचव्या कर्मचारी श्रीनिजा श्रीनिवासन यांच्याकडे आले. तालिकाकारांना रोज भेटणारी अडचण त्यांनाही भेटली. एक पान दोन वर्गांत बसते, तेव्हा त्याला ठेवायचे कुठे? याहूने एका ठिकाणी मूळ वर्ग ठेवला आणि दुसरीकडून त्याकडे खुणेचा दुवा दिला. ग्रंथालयातल्या ‘हेही पाहा’ पत्राचेच हे काम. एकाच विषयाला अनेक अंगे असतात आणि प्रत्येक अंगाने त्याच्यापर्यंत पोचता यायला हवे, हे शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरणात पद्धतशीर मांडले होते. वेबच्या वर्गवारीला तोच प्रश्न साठ वर्षांनी नव्याने सोडवावा लागला.

पूर

मग आकड्यांनी सगळ्यांना मागे टाकले. गूगलच्या पहिल्या सूचीत १९९८ मध्ये २ कोटी ६० लाख पाने होती. २००० मध्ये तो आकडा १०० कोटींवर गेला. हाताने वर्गवारी करणारे या वेगापुढे टिकणे शक्यच नव्हते.

दुसरा घाव फसवणुकीने घातला. पान लिहिणाऱ्यानेच त्याची नोंद करावी, या आशेवर डब्लिन कोअर उभे होते. पण पानाच्या शीर्षभागात विषयशब्द लिहिण्याची सोय मिळताच विक्रेत्यांनी तिथे वाटेल ते शब्द भरले. ग्रंथालयाच्या तालिकेत खोटी नोंद करून कोणाचा फायदा नसतो. बाजारात तो असतो. शोधयंत्रांनी अशा शब्दांवर विश्वास ठेवणे सोडले, आणि आपण तो रकाना क्रमवारीसाठी पाहतच नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले.

गूगलने भरवसा ठेवला तो कोण कोणाला दुवा देतो यावर. ही कल्पनाही ग्रंथविद्येच्याच घरातली. कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख कितींनी केला यावरून त्याचे वजन ठरवण्याची रीत ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या यूजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकातच ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’मधून रुजवली होती.

हाताने केलेल्या याद्या एकेक करून मिटल्या. ब्रिटिश विद्यापीठांची दालने ‘इंट्यूट’ या नावाखाली एकत्र आली आणि २०११ मध्ये त्यांचे काम थांबले. याहूची यादी २०१४ च्या अखेरीस बंद झाली. ‘इंटरनेट पब्लिक लायब्ररी’ने २०१५ मध्ये काम थांबवले. स्वयंसेवकांनी चालवलेली ‘ओपन डिरेक्टरी’ मार्च २०१७ मध्ये मिटली. या यादीकडे पाहून ग्रंथपाल हरले, असा निकाल पुष्कळांनी दिला.

निकाल

तो निकाल मला मान्य नाही. सगळ्या वेबची तालिका करणे जमले नाही हे खरे. पण जिथे नोंद करणाऱ्याला खोटे बोलण्याचे कारण नव्हते आणि वस्तू जपण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली होती, तिथे ही पद्धत घट्ट रुजली. ऑक्टोबर १९९९ मध्ये सँटा फे इथे शोधनिबंधांची भांडारे चालवणारे लोक एकत्र आले. एका भांडाराने दुसऱ्याच्या नोंदी कशा घ्याव्यात याचा त्यांनी २००१ मध्ये नियम केला. प्रत्येक भांडाराने निदान साध्या डब्लिन कोअरमध्ये नोंदी द्याव्यात, ही त्यातली किमान अट होती. २००२ मध्ये एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी ‘डीस्पेस’ ही अशी भांडारे चालवण्याची मुक्त प्रणाली आणली. तिच्या नोंदींचा पायाही हाच आहे.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ भांडार डीस्पेसवरच चालते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे मराठी प्रबंधही तिथे आहेत. एखाद्या प्रबंधाची पूर्ण नोंद उघडली, तर शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, भाषा असे डब्लिन कोअरचे रकाने ओळीने दिसतात. ईपब पुस्तकाच्या पोटातही असते तेच. शीर्षक, ओळखक्रमांक आणि भाषा हे डब्लिन कोअरचे तीन रकाने भरल्याशिवाय ईपब नियमात बसत नाही. शोधयंत्रांच्या कंपन्यांनीही २०११ मध्ये ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ या नावाने वर्णनाचे सामाईक रकाने आणले. त्यामागे आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या रामनाथन गुहा यांचा मोठा वाटा होता.

मराठीला या इतिहासातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ प्रकल्पात असंख्य जुन्या भारतीय पुस्तकांची पाने स्कॅन झाली, त्यांत मराठीही होती. पाने आली, पण नोंदींची आबाळ झाली. अनेक शीर्षके रोमन लिपीत जशी सुचतील तशी लिहिली गेली, कुठे लेखक चुकला, कुठे सालच नाही. स्कॅन केलेले पान यंत्राच्या लेखी चित्रच असते. त्याची नोंद चुकली, तर पुस्तक वेबवर असूनही हरवलेले राहते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची अपार कष्टाने केली. तेव्हा त्यांच्यापाशी ना संगणक होता ना जाळे, होता तो नेमकेपणाचा आग्रह. तो आग्रह आपण तंत्राच्या भरवशावर सोडून देता कामा नये.

म्हणून ग्रंथालयांना, प्रकाशकांना, नियतकालिकांच्या संपादकांना आणि घरातली जुनी पुस्तके, पत्रे, छायाचित्रे वेबवर ठेवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. फाइल चढवण्याआधी थोडा वेळ काढा. शीर्षक देवनागरीत लिहा, लेखकाचे पूर्ण नाव द्या, प्रकाशनाचे साल, प्रकाशक आणि गाव नोंदवा, भाषेच्या रकान्यात मराठी लिहा आणि हक्क कोणाचे आहेत ते सांगा. हे काम आज केले नाही, तर पन्नास वर्षांनी ते करू शकेल असा माणूस उरलेला नसेल.